19 मिनिटांची वाट

नेपाळमधील पोखरा आणि जोमसोम हे दोन विमानतळ एकमेकांपासून सरळ रेषेत सुमारे 70 किलोमीटरवर आहेत. मुंबईच्या विमानतळापासून लोणावळा साधारण तेवढेच दूर पडते. एवढे अंतर छोटे विमान 20 मिनिटांच्या आत-बाहेर कापते आणि त्याच दोन गावांमधला रस्ता सुमारे 155 किलोमीटरचा असून जीपला नऊ-दहा तास लागतात, हे सर्व आम्ही निघण्यापूर्वीच कागदावर उतरवून घेतले होते. प्रत्यक्षात विमानतळाच्या दारात पाऊल टाकल्यापासून जोमसोमच्या धावपट्टीवर उतरेपर्यंत आम्हाला 26 तास 37 मिनिटे लागली. हा हिशेब माझा नव्हे, ह्यांचा. एस.टी.च्या आगारात वाहतूक नियंत्रक म्हणून 34 वर्षे काढलेला माणूस निवृत्तीनंतरही प्रत्येक गाडी सुटल्याची आणि पोहोचल्याची वेळ वहीत टिपतो, आणि विमान ही त्यांच्या लेखी फक्त एक वेगळ्या रंगाची गाडी असते.

आम्ही तिघे होतो: मी, हे, आणि माझ्या थोरल्या नणंद. वन्सं 71 वर्षांच्या आहेत. लग्नापासून त्या वेंगुर्ल्याला असतात. जोमसोमच्या पुढे असलेल्या मुक्तिनाथाच्या तीर्थाला जायची इच्छा त्यांचीच होती. आमच्या देवघरात आजेसासऱ्यांच्या वेळेपासून एक शाळिग्राम आहे आणि तो गंडकीतला आहे असे घरात सर्वजण सांगत आले आहेत. तो शाळिग्राम एकदा त्याच्या नदीच्या पाण्याला लावून आणायचा, असे वन्संनी ठरवले होते. कुंकवाच्या जुन्या करंड्यात, कापसात गुंडाळून, तो त्यांच्या हातातल्या पिशवीत बसला.

पहिला दिवस: काठमांडूहून पोखरा

मुंबई ते काठमांडू आणि तिथून पोखरा हा प्रवास कोणताही त्रास न होता झाला, म्हणून त्याबद्दल लिहिण्यासारखे फारसे नाही. पोखऱ्याचा नवा आंतरराष्ट्रीय विमानतळ 1 जानेवारी 2023 रोजी सुरू झाला. दसरा होऊन आठवडा झाला होता, आणि नेपाळमध्ये दसऱ्याला, म्हणजे तिथल्या दशैंला, सारा देश आपापल्या गावी जातो, त्यामुळे परतीची गर्दी सगळीकडे होती. विमानतळावरील पाट्या वाचताना मराठी माणसाला एक वेगळेच सुख मिळते. विमानस्थल, आगमन, प्रस्थान, सावधान असे सारे आपल्याच लिपीत, आणि बरेचसे आपल्याच शब्दांत लिहिलेले असते.

संध्याकाळी फेवा तलावाच्या काठी बसलो, पण माछापुच्छ्रेचे शिखर ढगांनी दिसू दिले नाही. हॉटेलच्या मालकीणबाईंनी आकाशाकडे पाहून सांगितले की उद्या सकाळी खाली धुके राहील. आम्ही ते फारसे मनावर घेतले नाही.

जाणाऱ्यांसाठी काही गोष्टी इथेच सांगते. भारतीयांना व्हिसा लागत नाही, परंतु विमानाने जायचे तर पासपोर्ट किंवा निवडणूक ओळखपत्र जवळ हवे, आधार कार्डावर विसंबू नये. जोमसोम आणि मुक्तिनाथ ज्यात येतात तो मुस्तांग जिल्ह्याचा भाग अन्नपूर्णा संरक्षण क्षेत्रात येतो आणि त्याचे प्रवेशपत्र पोखऱ्यातच काढून घेता येते. सार्क देशांच्या नागरिकांना त्यासाठी 1,000 नेपाळी रुपये पडतात. आपले 100 रुपये म्हणजे त्यांचे 160, हा भाव ठरलेला आहे. शेवटची गोष्ट घड्याळाची: नेपाळची वेळ आपल्यापेक्षा 15 मिनिटे पुढे आहे. ह्यांनी वहीतल्या नोंदी बिघडू नयेत म्हणून मनगटावरचे घड्याळ भारतीय वेळेवरच ठेवले होते, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे आमची टॅक्सी दारात पाव तास नव्हे, तर तब्बल अर्धा तास उभी राहिली, कारण हिशेब करताना ती 15 मिनिटे उलट्या बाजूने मोजली गेली. त्यानंतर घड्याळ मुकाट्याने पुढे झाले.

दुसरा दिवस: पोखऱ्याच्या विमानतळावर

साडेपाच वाजता विमानतळावर पोहोचलो. मोठ्या बॅगेला 10 किलो आणि हातातल्या पिशवीला 5 किलो अशी आमच्या तिकिटावरची मर्यादा होती, आणि काट्यावर ती काटेकोरपणे पाळली जात होती. तपासणीच्या वेळी वन्संचा करंडा उघडायला सांगितला गेला. शिपायाने कापूस बाजूला केला, आतला काळा दगड पाहिला, टोपी काढली, करंडा कपाळाला लावला आणि झाकण स्वतःच्या हाताने घट्ट बसवून परत दिला. एक शब्दही बोलला नाही.

मग बसलो. साडेसहा वाजले, साडेसात वाजले. खिडकीबाहेर पांढऱ्या धुक्यापलीकडे काही दिसत नव्हते. माझ्या शेजारी मार्फा गावच्या एक वृद्ध बाई होत्या, ज्यांना सारेजण आमा म्हणत होते. मुलाकडे दशैं करून त्या घरी परत चालल्या होत्या. त्यांची नेपाळी आणि माझी मोडकी हिंदी यांच्या मधल्या प्रदेशात आमचे बोलणे चालले, आणि या विमानमार्गाचे सारे शास्त्र मला त्यांच्याकडूनच कळले. त्यांचे एक वाक्य मी वहीत लिहून घेतले: "यता बादल, उता हावा." इकडे ढग, तिकडे वारा.

याचा अर्थ असा. हे विमान वैमानिक डोळ्यांनी पाहत चालवतो. मार्गात घोरेपानीची डोंगररांग ओलांडावी लागते आणि मग काली गंडकीच्या घळईत शिरून नदीच्या वरच्या अंगाने जोमसोम गाठावे लागते, त्यामुळे ढगांत शिरून चालत नाही. खालची बाजू ओली आहे. पोखऱ्यात वर्षाला 3,000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तिथे ढग-धुक्याला कधी तोटा नसतो. वरची बाजू हिमालयाच्या पाठीमागे, पर्जन्यछायेत आहे, आणि तिथे आकाश बहुतेक वेळा निळे असते. पण ऊन चढू लागले की मुस्तांगचे उघडे, कोरडे पठार तापते, तिथली हवा वर उठते आणि तिची जागा घ्यायला खालच्या खोऱ्यातली हवा त्या अरुंद घळईतून जोराने वर खेचली जाते. हा वारा रोजचा आहे. सकाळी नऊ-दहाच्या सुमारास तो सुरू होतो, दुपारी उभ्या माणसाला ढकलतो आणि रात्री पडतो. त्यामुळे खालचे धुके विरलेले आहे आणि वरचा वारा अजून उठलेला नाही, अशी सकाळची जी दोन-तीन तासांची फट असते, तेवढ्यात विमानाच्या खेपा उरकाव्या लागतात. त्या दिवशी पोखऱ्याचे धुके नऊ वाजून गेल्यावर उठले, आणि तोवर जोमसोमहून वारा सुटल्याचा निरोप आला. बाहेर लख्ख ऊन पडलेले असताना हवामानामुळे उड्डाण रद्द झाल्याची घोषणा ऐकणे हा विचित्र अनुभव आहे. आमच्याबरोबर अडकलेले एक दाक्षिणात्य गृहस्थ ऊन दाखवून खिडकीवरच्या माणसाशी वाद घालत होते. आमा मात्र आपले बोचके उचलून शांतपणे निघाल्या. जाता जाता म्हणाल्या, "भोलि", म्हणजे उद्या.

आणखी एक गोष्ट लिहिलीच पाहिजे. 29 मे 2022 रोजी याच मार्गावर एक ट्विन ऑटर विमान डोंगरावर कोसळले आणि त्यातील सर्व 22 जण मृत्युमुखी पडले. त्यात चार जण ठाण्याच्या एका कुटुंबातील होते. ती बातमी आम्हा तिघांनाही आठवत होती, पण निघाल्यापासून कोणी तिचा उच्चार केला नव्हता. उड्डाण रद्द झाले तेव्हा तिकिटाचे पैसे आणि वाया गेलेला दिवस यांचे वाईट वाटायला हवे होते. मला मात्र आधी बरे वाटले. त्या माणसांनी धोका पत्करण्यापेक्षा आमची चिडचिड पत्करली, असे मनात आले. ज्याला हे धुक्याचे आणि वाऱ्याचे गणित मानवत नाही, त्याने सरळ जीपने जावे, आणि विमानाने जाणाऱ्याने जाता-येता एकेक दिवस हाताशी मोकळा ठेवावा.

तिसरा दिवस: एकदाचे जोमसोम

दुसऱ्या दिवशी धुके विरळ होते. एकच विमान खाली-वर खेपा घालते. पहिल्या दोन खेपा त्या दिवशीच्या प्रवाशांच्या होत्या, तिसरीत आम्हाला जागा मिळाली. एकोणीस आसनांच्या त्या विमानात हवाई सुंदरीने एका ताटलीतून सर्वांना कापूस आणि गोळ्या वाटल्या. कापूस कानांसाठी, गोळी चघळण्यासाठी. पुढे वैमानिकांच्या कक्षाला दार असून नसल्यासारखे होते, आणि त्यांच्या खांद्यांवरून समोरचा डोंगर सरळ दिसत होता.

7 वाजून 48 मिनिटांनी चाके उचलली. भातखाचरांच्या पायऱ्या खाली गेल्या, रानाने भरलेली घोरेपानीची रांग इतकी जवळून गेली की घरांच्या पत्र्यांवर ठेवलेले दगड मोजता आले असते, आणि मग जमीन एकाएकी पायाखालून निघून गेल्यासारखी झाली. उजव्या हाताला अन्नपूर्णा, 8,091 मीटर. डाव्या हाताला धवलगिरी, 8,167 मीटर. दोन्ही शिखरे आमच्यापेक्षा कितीतरी उंच होती. विमानातून डोंगराकडे मान वर करून पाहावे लागते, हे मला त्याआधी कोणी सांगितले असते तर खरे वाटले नसते. खाली करड्या दगडगोट्यांत काली गंडकीची रेघ होती. जगातील सर्वांत खोल घळई म्हणून हिचे नाव घेतले जाते ते या दोन शिखरांच्या हिशेबाने. हिरवा रंग हळूहळू कमी होत गेला, देवदारासारखी झाडे दिसू लागली आणि मग तीही संपून सर्वत्र मातकट, पिवळसर, उघडे डोंगर आले. 8 वाजून 7 मिनिटांनी आम्ही उतरलो. 19 मिनिटे.

धावपट्टी जेमतेम 740 मीटरची आणि उंची 2,736 मीटर. म्हणजे पोखऱ्यापेक्षा आम्ही सुमारे 1,900 मीटर वर आलो होतो. एवढ्या वेळात आमच्याकडे डाळ शिजत नाही. पायऱ्या उतरताच कोरडी थंडी नाकात शिरली आणि समोर 7,061 मीटरचे निलगिरी शिखर गावावर ओणवे झाल्यासारखे उभे होते. महाबळेश्वराहून दहिवडीकडे जाताना पाऊस, झाडे आणि मातीचा रंग कसा पालटत जातो हे आपल्याला ठाऊक असते. इथे तोच पालट काही पटींनी मोठा होऊन 19 मिनिटांत डोळ्यांसमोरून जातो.

डॉक्टरांनी बजावले होते की वन्संना त्याच दिवशी मुक्तिनाथाला नेऊ नये, एक रात्र जोमसोमला काढावी. हा सल्ला सर्वांनीच पाळावा असा आहे. विमानाने आलेल्या शरीराला आपण किती वर आलो हे कळायला वेळ लागतो. दुपारपर्यंत माझे डोके जड झाले होते. भरपूर पाणी आणि लसणाचे गरम सूप घेऊन स्वस्थ पडून राहिल्यावर उतार पडला.

संध्याकाळच्या आत मार्फ्याला जाऊन आलो. पांढरीशुभ्र धाब्याची घरे, कडेने रचलेले सरपण, दगडी फरशीची अरुंद गल्ली आणि फरशीखालून खळखळ वाहणारे पाणी. पाऊस कमी म्हणून छपरे सपाट, आणि वारा फार म्हणून घरे एकमेकांना चिकटलेली. आमांचे घर सापडायला वेळ लागला नाही. आधीच्या खेपेने त्या पोहोचल्या होत्या. अंगणात सफरचंदाच्या चकत्या दोऱ्यात ओवून वाळत घातल्या होत्या. त्यांनी आम्हाला जेवल्याशिवाय सोडले नाही. थकाली लोकांचे जेवण म्हणजे भात, उडदाची काळी डाळ, मोहरीच्या पाल्याची भाजी, मुळ्याचे लोणचे आणि गुंद्रुक, म्हणजे आंबवून वाळवलेल्या पाल्याचे आंबट कालवण. डाळीला जिंबू नावाच्या रानातल्या वाळक्या पातीची फोडणी होती, जिचा वास कांदा आणि हिंग यांच्या मधला असतो. लोणच्याचा पहिला घास घेताच वन्सं थांबल्या. जीभ किंचित बधिर होते म्हणाल्या, आणि मग एकदम: "अगं, हे तर तिरफळ!" आमांनी डबा आणून दाखवला. ते टिमुर होते, आपल्या तिरफळाचे सख्खे चुलत भावंड. बांगड्याच्या तिखल्यात तिरफळ नसेल तर जेवण अळणी मानणाऱ्या वन्संना समुद्रापासून इतक्या दूर, मासळीचे नाव नसलेल्या घरात, ती चव भेटली. दोघींनी पुढचा अर्धा तास एकमेकींची भाषा न येता पाककृतींची देवाणघेवाण केली. परतताना वारा असा होता की जीपचे दार उघडायला दोघांचे हात लागले.

चौथा दिवस: कागबेनी आणि मुक्तिनाथ

सकाळी लवकर निघालो. जोमसोमपासून मुक्तिनाथ सुमारे 24 किलोमीटर, आणि वाटेत कागबेनी लागते, जिथे झोङ खोला नावाचा ओढा काली गंडकीला मिळतो. येथे पितरांचे श्राद्ध करतात. ह्यांनी मामंजींसाठी तर्पण केले. वन्संनी करंडा उघडला, शाळिग्राम तळहातावर घेतला आणि वाहत्या पाण्यात तीन वेळा बुडवला. पाणी इतके थंड होते की त्यांची बोटे लाल झाली. शाळिग्राम म्हणजे अमोनाइट नावाच्या समुद्री जीवांचे जीवाश्म. ज्या काळी हिमालय नव्हता आणि इथे टेथिस समुद्र होता, त्या 14 कोटी वर्षांहून जुन्या ज्युरासिक काळातले. मी ते त्यांना सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, "म्हणजे हा मूळचा समुद्राकाठचाच. वेंगुर्ल्याला त्याचे बरे चालले असणार."

राणीपौव्यापर्यंत गाडी जाते आणि पुढे मंदिराचा चढ आहे. सुमारे 3,700 मीटर उंचीवर हवेतला प्राणवायू समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांशाहूनही थोडा कमी पडतो, म्हणून वन्संसाठी घोडा केला. आम्ही दर वीस पावलांवर थांबत गेलो. मंदिर लहान, पॅगोडा पद्धतीचे आहे आणि त्याच्यामागे अर्धवर्तुळात 108 धारा आहेत. हिंदूंचे हे मुक्तिक्षेत्र आणि बौद्धांचे चुमिग ग्यात्सा, म्हणजे शंभर पाणी. देवाची व्यवस्था बौद्ध भिक्षुणी पाहतात, आणि ज्या मूर्तीला आम्ही विष्णू म्हणून नमस्कार केला तिलाच शेजारी उभी असलेली तिबेटी बाई अवलोकितेश्वर म्हणून नमस्कार करत होती. विमानतळावर वाद घालणारे दाक्षिणात्य गृहस्थ धारांखालून धावत होते आणि आम्हाला पाहून त्यांनी ओल्या अंगानेच हात केला. वैष्णवांच्या 108 दिव्यदेशांत या स्थानाची गणना होते, त्यामुळे तमिळ यात्रेकरू येथे पुष्कळ भेटतात. जवळच ज्वालामाईच्या मंदिरात जाळीआड नैसर्गिक वायूची एक निळसर ज्योत पाण्याशेजारी जळते. ती बोटाएवढीच आहे. मोठ्या ज्वाळेची अपेक्षा ठेवून जाऊ नये.

पाचवा दिवस: परत, पण रस्त्याने

परतीचे विमान सकाळी सातचे होते. जोमसोमचे आकाश स्वच्छ, वारा शून्य. पण खाली पोखऱ्यात पाऊस. इकडे हावा नव्हता तर तिकडे बादल होता. साडेआठ वाजता ह्यांनी वही मिटली आणि आपण जीपने जाऊ म्हणाले. दशैंच्या परतीमुळे जागा मिळायला मारामार होती, आणि मिळाल्या त्या सर्वांत मागच्या, चाकावरच्या.

9 वाजून 5 मिनिटांनी जीप सुटली. तुकुचे, लेते, घासा. विमानातून चार-पाच मिनिटांत मागे पडलेली घळई आता तिच्या तळातून, एकेका दगडाने मोजावी लागत होती. घासाच्या खाली दरड कोसळली होती आणि यंत्राने वाट मोकळी करेपर्यंत पावणेदोन तास थांबलो. जीपचालकाने तेवढ्यात चाक बदलून घेतले. रुप्सेचा धबधबा रस्त्याच्या अगदी कडेला कोसळतो. तिथे सर्वांचे चेहरे तुषारांनी ओले झाले. तातोपानीला गरम पाण्याच्या झऱ्यात पाय बुडवून बसलो, तेव्हा वन्संनी प्रवासात पहिल्यांदाच पाठ दुखत असल्याचे कबूल केले. बेनीनंतर रस्ता बरा होता, पण तोवर अंधार पडला होता. ज्यांना पाठीचा त्रास आहे त्यांनी पुढच्या सीटसाठी आदल्या दिवशीच पैसे भरून ठेवावेत, आणि मुक्कामाची सोय असेल तर तातोपानीला रात्र काढून हा रस्ता दोन दिवसांत करावा.

पोखऱ्याला 20 वाजून 25 मिनिटांनी पोहोचलो. ह्यांनी वहीत अंतर, वेळ आणि सरासरी वेग लिहिला: विमान ताशी सुमारे 220 किलोमीटर, जीप ताशी 14. शेऱ्याच्या रकान्यात "हवामान कारणास्तव" असे लिहिले आणि दिवा मालवला.

दुसऱ्या दिवशी आमचे काठमांडूचे विमान दुपारी होते. पहाटे पाऊस थांबला होता आणि हॉटेलच्या गच्चीवरून माछापुच्छ्रे पहिल्यांदाच पूर्ण दिसत होते. सहा वाजून बत्तीस मिनिटांनी ते छोटे विमान आमच्या डोक्यावरून पश्चिमेकडे गेले. ह्यांनी घड्याळ पाहिले, वेळ लिहिली आणि खुर्ची ओढून बसले. आम्ही न्याहारीला खाली चला म्हणून दोनदा हाक मारली, पण ते विमान परत येईपर्यंत उठले नाहीत. पाऊण तासाने ते आले. चहा तोवर गार झाला होता.